शंभरात एकोणीस

मल्लेशम गाजूल, वय बावन्न, दत्तनगर.
शीर सापडायला वेळ लागला.
केसांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर
इतकं सूत बसलेलं
की दारात उभा राहिला तेव्हा वाटलं
हा माणूस रात्रपाळीत विणला गेलाय
आणि धुवायचा राहिलाय.

"दम लागालाय," म्हणाला.
"पहाटं चारला. बरोबर चारला बघ,
गिरणीचा भोंगा झाल्यागत."
गिरणी बंद पडून किती वर्षं झाली
ते आम्ही दोघंही बोललो नाही.

काचेवर थेंब ओढला, वाळवला,
वर रंग ओतला, थांबले.
अशोक चौकातल्या या लॅबला एकच खिडकी.
खिडकीपलीकडे मागांचा खडखडाट
आणि त्याच्या खालोखाल याचा श्वास,
आत जाताना गप्प,
बाहेर येताना शिट्टी वाजवणारा.

भिंगाखाली मोजत गेले.
शंभरात एकोणीस.
चार-पाच चालले असते.
दोन पाळ्यांचं केंद्रक, भोवती नारिंगी दाणे गच्च,
रंगखान्याच्या दारात पिळून टांगलेल्या लडीसारखे.
माझे वडील रंगखान्यात होते.
त्यांच्या नखांचा हाच रंग
मी लहानपणी लिंबानं घासायचे.

"जंतू घावला का?"

नाही, अण्णा. कसं सांगू.
श्वासाच्या नळीला आतून अस्तर असतं,
त्यावर रोज कापसाची किस घासते,
अस्तर घाबरतं. वर्दी देतं.
वर्दी म्हणजे प्रथिनाचा एक कण,
स्वतः काही न करणारा, नुसता निरोप.
इंटरल्यूकिन म्हणतात. पुढं नंबर,
तुमच्या मागाला असतो तसा.
चार नंबर सांगतो, याचा चेहरा लिहून ठेवा, परत येईल.
तेरा नंबर म्हणतो, चिकट सोडा, नळ्या आवळा.
आणि पाच नंबर जातो थेट हाडांच्या पोकळीत,
ओरडतो: माणसं पाठवा!
येतात ती. हीच, नारिंगी.
येऊन बघतात तर लढायला कुणी नाही,
थोडी धूळ आहे फक्त.
तरी आणलेलं विष तिथंच ओततात,
आपल्याच अस्तरावर.
अस्तर आणखी घाबरतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
जेकार्डवाला माणूस,
मनातल्या मनात काहीतरी उलगडत होता.

"पुठ्ठ्यात एक भोक जास्त पडलं," म्हणाला,
"की चादरीवरच्या मोराला दोन चोची येतात.
एकदा दोनशे चादरी निघाल्या तशा.
मालकानं मागाला लाथ मारली.
मागाचा काय दोष?
त्याला जे सांगितलं ते त्यानं विणलं."

माझ्या दोन वर्षांच्या कोर्सला
हे असं कुणी शिकवलं नव्हतं.

इंजेक्शन निघालंय, मी म्हटलं,
पाच नंबरला वाटेतच धरणारं.
किंमत विचारली त्यानं. सांगितली.
हसला. हसण्याचा खोकला झाला
आणि पुढचा पेशंट येऊन बसेपर्यंत
तो खोकलाच राहिला.

पंप आहे, सिव्हिलमधून दिलेला.
सवय लागते म्हणून ठेवून दिलाय,
देवळीत, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी.
मी ओरडले. वडिलांवर कधी ओरडले नव्हते तशी.
अण्णा, दम नसेल तेव्हाही ओढायचा,
रोज, दोन वेळा,
तोच त्या ओरडणाऱ्यांचा आवाज खाली आणतो.
मान हलवली. ओढणार नाही,
हे दोघांनाही कळलं.

जाता जाता म्हणाला, दाखव की जरा.
चष्मा वर सारून भिंगावर वाकला.
त्याच्या भुवईचा एक तंतू स्टेजवर पडला.
इतका वेळ कुणी पेशंट
स्वतःचं रक्त बघत नाही.

"रंग बेस आलाय," म्हणाला.
"पक्का हाय का?"

मी रिपोर्टवर एकोणीस लिहिलं, सही केली.
वीस रुपये सुटे नव्हते त्याच्याकडे.
उद्या देतो म्हणाला.
पहाट झाल्यावर.